सागाच्या वलयांवरून जुना पाऊस वाचताना या चुका टाळा

पेठ-सुरगाण्याकडचा सागाचा ओंडका नाशिकच्या वखारीत कापून पडला की वलये मोजण्याचा मोह आवरत नाही. सालीकडून आत मोजत जावे, १९७२ च्या आसपास एखादे बारीक वलय दिसावे आणि दुष्काळ सापडला असे वाटावे, ही पहिली आणि सर्वांत जास्त होणारी चूक. मोजणी एका वलयाने चुकली तरी त्याच्या आतली सगळी वर्षे एकेक घर सरकतात आणि दुष्काळाच्या जागी शेजारचे बऱ्या पावसाचे वर्ष येऊन बसते.

माझ्या हातून हे झालेले आहे. एकाच चकतीवर तीन दिशांनी मोजले, तेव्हा दोन रेषांवर ६१ वलये आली आणि तिसरीवर ६३. जास्तीची दोन वलये खोटी होती. जूनमध्ये चांगला पाऊस होऊन मग मोठा खंड पडला की सागाची वाढ मंदावते, पाऊस परतल्यावर ती पुन्हा धरते आणि एकाच वर्षात दोन पट्टे उमटतात. खऱ्या वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग असते आणि तिची आदल्या वर्षाच्या घट्ट लाकडाशी असलेली सीमा रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसते. खोट्या वलयाची कड दोन्ही बाजूंनी हळूहळू विरते, आणि बहुधा ते चकतीभर पूर्ण फिरतही नाही. उलट, फार वाईट वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला लाकूड तयारच होत नाही, म्हणजे वलय गायब असते. करवतीच्या ओरखड्यांवर यातले काहीच दिसत नाही, म्हणून १०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० च्या पुढे चढत जाऊन पृष्ठभाग घासावा, आणि मगच भिंग हाती घ्यावे.

तरीही एका झाडावर विसंबू नये. एकाच परिसरातील वीसेक झाडांचे, प्रत्येकी दोन नमुने घेऊन रुंद-बारीक वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवावा; ही जुळणी झाल्याशिवाय कोणत्याही वलयावर साल लिहू नये. अमेरिकेतील ॲरिझोनात ही पद्धत रुजवणारे ए. ई. डग्लस खगोलशास्त्रज्ञ होते, आणि सूर्यावरील डागांच्या चक्राचा माग काढता काढता ते झाडांकडे वळले होते.

झाड कुठले, हेही पाहावे. वड किंवा आंबा यांची वलये वर्षाचा हिशेब म्हणून भरवशाची नसतात. साग उन्हाळ्यात पाने गाळतो आणि त्याची वाढ थांबते, म्हणून तो कामाचा. पण ओढ्याकाठच्या किंवा पाटाजवळच्या सागाला पावसाची तूट फारशी जाणवत नाही, त्यामुळे उथळ मातीच्या, उताराच्या जागेवरचे झाड निवडावे.

बारीक वलय म्हणजे कमी पाऊस, हे समीकरण तर आमच्या भागात विशेष घातक आहे. पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताची रोपे टाकण्यापूर्वी फांद्या-पाला तोडून राब भाजण्याची, म्हणजे तो रोपांच्या जागेवर जाळण्याची, रीत आहे, आणि फांद्या छाटलेल्या झाडाची वाढ पाऊस भरपूर असूनही खुंटते. पावसाळ्याच्या तोंडावर पाने खाणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव झाला, तरी तेच होते. अशा वेळी गावातल्या जाणत्यांना विचारलेले बरे, कारण कुऱ्हाडीची नोंद पर्जन्यमापकात नसते.

कोवळ्या वयात सागाची वलये रुंद पडतात, म्हणून आतली वलये पाहून पूर्वी पाऊस जास्त होता असा निष्कर्ष काढू नये. वयानुसार अपेक्षित रुंदीची वक्ररेषा काढून मोजलेल्या रुंदीला तिने भागावे. मात्र या भागाकारात झाडाच्या आयुष्याहून लांब, संथ बदल पुसले जातात, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर जवळच्या पर्जन्यनोंदींशी नाते तपासताना निम्म्या वर्षांवर सूत्र बसवावे आणि उरलेल्या निम्म्यांवर पारखावे. सगळ्या वर्षांवर एकदम बसवलेले सूत्र हमखास सुंदर दिसते आणि फसवते.

जुन्या वाड्यांच्या तुळया पाहूनही अनेकांना मोह होतो. सुतार बाहेरचे कच्चे लाकूड तासून टाकत असल्याने तुळईवर दिसणारे शेवटचे वलय झाड तोडल्याचे वर्ष नसते, तर त्याच्या कितीतरी आधीचे असू शकते. शिवाय सागवान दुरूनही येत असे, तेव्हा त्या वलयांतला पाऊस नाशिकचा आहे हे स्थानिक झाडांच्या क्रमाशी जुळवल्याखेरीज म्हणता येत नाही.