रजेवर जाण्याआधी काम सोपवताना

काम सोपवण्याची नोंद शेवटच्या संध्याकाळी घाईघाईत लिहू नका. रजेच्या 3 दिवस आधी लिहा आणि सहकाऱ्याला तुमच्यासमोरच ते काम एकदा करून बघू द्या. घोडं अडतं ते बहुधा परवानगीपाशी: फाइल उघडत नाही, नाहीतर ओटीपी तुमच्याच फोनवर येतो. तुम्ही जागेवर असताना हे पाच मिनिटांत सुटतं. प्रत्येक कामापुढे कुठवर आलंय, पुढची तारीख कोणती आणि अडलं तर कोणाला विचारायचं, एवढं हवंच. नुसतं ‘चालू आहे’ लिहिलंत, तर रजेत फोन येणारच. मेलच्या स्वयंचलित उत्तरात परतण्याची तारीख एक दिवस पुढची द्या. म्हणजे परतल्यावर पहिल्या दिवशी साचलेले मेल निवांत वाचून होतात. त्या सकाळी मीटिंग मात्र ठेवू नका.