रविवारी मेस ठरवू नका! पुण्यात नव्याने आलेल्यांच्या जेवणातल्या चुका

जून-जुलै आला की सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, कर्वेनगरात नवी मंडळी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, उतरतात. अभ्यासक्रम दरवर्षी थोडाफार बदलतो, जेवणातल्या चुका मात्र त्याच. सांगायला गेलं की 'बघू दादा' म्हणतात आणि ऑगस्टमध्ये पोट धरून बसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रविवारी दुपारी ट्रायल घेऊन मेस लावणं. रविवारी फिस्ट असते. श्रीखंड-पुरी, मसालेभात, कुरडई. त्या ताटावरून मेस ठरवणं म्हणजे मांडवातल्या नवरदेवावरून त्याचा रोजचा स्वभाव ठरवणं.

आमच्या रूमवर नांदेडकडचा एक ज्युनिअर आला होता. दारावर 'घरगुती जेवण' लिहिलेलं पाहून गेला, रविवारचं ताट जेवला आणि काकांनी थोडी सूट देतो म्हटल्यावर तीन महिन्यांचे पैसे तिथल्या तिथे भरून आला. रविवारी संध्याकाळची मेस बंद असते हेही त्याला त्याच रात्री कळलं. सोमवारी दुधी, मंगळवारी पुन्हा दुधी, फक्त रस्सा वेगळा. त्याची प्रॅक्टिकल्स उशिरा सुटायची. तो पोचेपर्यंत पोळ्या संपलेल्या आणि वरणाच्या भांड्यात पळी बुडवली तर तळ दिसायचा. मग पठ्ठ्या चौकात वडापाव खायचा. म्हणजे मेसचे पैसे भरलेले आणि वडापावचे वेगळे.

पुढे महालक्ष्म्यांना गावी गेला, आठवड्याने परत आला आणि खाडे धरा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करा, म्हणाला. काकांनी शांतपणे विचारलं, 'आधी सांगितलं होतंस का?' नव्हतं सांगितलं. खाडा आधी कळवल्याशिवाय धरत नाहीत, आणि तोही सलग काही दिवसांचा लागतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलंच नव्हतं. उरलेले पैसे परत मागितल्यावर काय उत्तर मिळालं असेल ते लिहायची गरज नाही.

माझी पद्धत सांगतो. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री, मेस बंद व्हायच्या अर्धा तास आधी गेस्ट म्हणून जेवायला जा. त्या वेळी पोळी मिळाली आणि आमटीत डाळ सापडली तर ती मेस चांगली. हात धुवायला उभ्या असलेल्या पोरांना विचारा, मालकाला नको. खाडा किती दिवसांचा, कधी कळवायचा, दिवाळीत मेस किती दिवस बंद, हे कार्डाच्या मागे लिहून घ्या. आणि पैसे एकाच महिन्याचे भरा. सूट कितीही असो. सूट हवी म्हणून घाई करणाऱ्यांची मला आता कीव येत नाही.

दुसरी चूक किटलीची. व्हिडिओ बघून इलेक्ट्रिक किटलीत मॅगी, भात, काहीजण तर डाळसुद्धा लावतात. किटली पाण्यासाठी आहे. उकळी आली की वाफ आतल्या वाटेने स्विचपर्यंत जाते आणि किटली बंद होते. भात ढवळायला झाकण उघडं ठेवलं की वाफ तिथे पोचतच नाही, किटली चालूच राहते. तळाशी खळ करपते, फेस उतू जाऊन खालच्या पिनांत शिरतो. शिवाय १५०० वॅटची किटली २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते आणि खोलीतला छोटा सॉकेट असतो सहा अँपिअरचा. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर हा प्रयोग केला की खाली मालकांची बत्ती जाते, मग ते वर येतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. शिजवायचंच असेल तर मालकांना विचारून, चांगल्या वायरिंगवर छोटा राईस कुकर वापरा.

आणि त्यातला उरलेला भात रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत वाढतात, आणि त्यांचं एक विष परत गरम केल्यानेही जात नाही. घरी फोडणीचा भात सोसतो, कारण घरी फ्रीज असतो. रूमवर नसेल तर तेवढाच भात लावा जेवढा खाणार आहात.

रात्रभर जागून सकाळी उपाशीपोटी तर्रीची मिसळ खाऊ नका. आधी पोहे खा.

रविवारी सकाळी वैशाली हॉटेलसमोरच्या गर्दीत भूक लागल्यावर जाऊन उभं राहू नका. भूक लागायच्या आधी जा.

चहा-क्रीमरोल हे जेवण नाही.

राहिली रविवारची रात्र. त्या रात्री अर्धं पुणे ॲपवर बिर्याणी मागवतं आणि महिनाअखेरीला उधारी मागतं. मी शनिवारीच ब्रेड, काकडी, दही आणून ठेवतो, सोबत घरची चटणी. घरून काय पाठवू असं आई विचारेल तेव्हा लाडू सांगू नका, रूममेट एका रात्रीत डबा रिकामा करतात. जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी मागवा. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, महिनाभर पुरते.