बातमी गूगलवरून गायब झाली? आधी तारखेचा पुरावा काढा

पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले, अध्यक्षावर गुन्हा दाखल झाला, तुम्ही बातमी केली. काही महिन्यांनी कुणीतरी त्या अध्यक्षाचं नाव गूगलवर टाकतं आणि तुमची बातमी येतच नाही. साइटवर ती जशीच्या तशी आहे, लिंक उघडते, पण शोधात नाही. अशा वेळी बरेच संपादक ‘गूगलचाच काहीतरी घोळ असेल’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. कुणीतरी कॉपीराइटची खोटी तक्रार करून तुमची बातमी चोरीची ठरवलेली असू शकते, आणि तसं असेल तर ती परत आणता येते.

मी जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या मराठी पोर्टलांची तांत्रिक बाजू सांभाळते. बातमी लिहिणं संपादकांचं काम, ती वाचकाला सापडत राहील हे बघणं माझं. इथे लिहिते आहे ते या कामातून आलेलं आहे.

हा डाव चालतो कसा

अमेरिकेत १९९८ साली डीएमसीए नावाचा, इंटरनेटवरच्या कॉपीराइटचा कायदा झाला. त्याच्या ५१२ कलमानुसार, कॉपीराइटची रीतसर तक्रार आल्यावर प्लॅटफॉर्मने तो मजकूर किंवा त्याची लिंक लगेच काढली, तर त्या उल्लंघनाची भरपाई प्लॅटफॉर्मच्या गळ्यात पडत नाही. म्हणजे काढून टाकण्यात कंपनीला धोका नाही, ठेवण्यात आहे. गूगल अमेरिकन कंपनी, त्यामुळे आपल्या मराठी बातमीलाही हाच कायदा लागू होऊन बसतो.

बातमी दडपायची असलेल्या माणसाला हा रस्ता फार सोयीचा पडतो. बदनामीचा दावा लावायचा तर वकील हवा, कोर्टाच्या तारखा आल्या, आणि बातमी खरी असेल तर दावा फसण्याची भीती. कॉपीराइटच्या तक्रारीत बातमी खरी की खोटी हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मग तुमची बातमी अक्षरन् अक्षर उचलून एखाद्या फुकटच्या ब्लॉगवर टाकली जाते आणि तिला तुमच्या आधीची तारीख दिली जाते. ब्लॉगर किंवा टम्बलरवर पोस्टची तारीख मागची टाकता येते, त्याला काही विद्या लागत नाही. त्यानंतर गूगलकडे फॉर्म जातो: ‘मूळ लेख माझा, या पोर्टलने चोरला.’

हे एखाददुसऱ्या माणसाचं डोकं नाही, हा धंदा आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या ल्युमेन या प्रकल्पात अशा तक्रारींचा साठा ठेवला जातो. तिथल्या संशोधक श्रेया तिवारी यांनी २०२२ मध्ये मागच्या तारखेच्या लेखांवर उभ्या असलेल्या जवळपास ३४ हजार संशयास्पद तक्रारी दाखवून दिल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत फॉरबिडन स्टोरीज या पत्रकारांच्या गटाने एलिमिनालिया या स्पॅनिश कंपनीची जवळपास ५० हजार अंतर्गत कागदपत्रं अभ्यासून तिचं काम उघड केलं. पैसे घेऊन इंटरनेटवरून नको असलेल्या बातम्या दिसेनाशा करणं हाच तिचा व्यवसाय, आणि खोट्या कॉपीराइट तक्रारी हे त्यातलं एक हत्यार. तो शोधप्रकल्प सुरू झाला बंगळूरच्या पत्रकार गौरी लंकेश यांच्या कामाचा धागा पकडून. २०१७ मध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा त्या खोट्या बातम्यांच्या कारखान्यांवरच लिहीत होत्या. म्हणून हा विषय मला परदेशी वाटत नाही.

आधी खात्री करा

बातमी शोधात न येण्याची साधी कारणंही असतात. प्लगइन अपडेट होताना ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधात दाखवू नका, अशी सूचना) लागून बसतं, थीम बदलताना लिंक बदलते. म्हणून पहिल्यांदा गूगल सर्च कन्सोल उघडा, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते हे साइटच्या मालकाला दाखवणारी गूगलची सेवा. तक्रारीवरून पान काढलं असेल तर तिथे संदेश आलेला असतो. अडचण अशी की कन्सोल बहुतेक वेळा साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या जीमेलवर असतं, आणि तो मुलगा पुण्याला नोकरीला लागून फोन उचलेनासा झालेला असतो. तसं असेल तर डोमेनच्या (साइटच्या पत्त्याच्या) डीएनएस नोंदींमध्ये गूगलने दिलेली ओळ टाकून मालकी स्वतःच्या नावावर सिद्ध करून घ्या. हे आजच करा, तक्रार येण्याची वाट बघू नका.

मग बातमीतली माणसाची आणि संस्थेची नावं गूगलवर शोधा आणि निकालांच्या अगदी तळाशी जा. कॉपीराइटच्या तक्रारीवरून काही निकाल काढले आहेत अशी सूचना तिथे असेल, तर तिच्यासोबत ल्युमेनची लिंकही असते. ल्युमेनवर थेट आपल्या साइटचं नाव टाकूनही शोधता येतं. पूर्ण लिंक बघायला ईमेल द्यावा लागतो, मग थोड्या काळापुरता प्रवेश मिळतो. उघडलं की लगेच पीडीएफ करून ठेवा. त्यातून तीन गोष्टी टिपून घ्या: तक्रारदाराने दिलेलं नाव, त्याच्या म्हणण्यानुसारच्या ‘मूळ’ लेखाची लिंक, आणि त्याच तक्रारीत आणखी कोणाच्या बातम्या आहेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या पोर्टलचंही नाव सापडलं तर त्या संपादकाला फोन करा. दोघांनी वेगवेगळी उत्तरं पाठवली आणि दोन्हींत एकमेकांचा उल्लेख असला, की तक्रारीचा पोकळपणा लवकर दिसतो.

तारखेचा पुरावा

सगळी लबाडी तारखेवर उभी आहे, म्हणून खरी मेहनत इथे घ्या.

सुरुवात त्या ‘मूळ’ लेखापासून. तो उघडा, पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, आणि लगेच इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती तारखेसह जपणाऱ्या साठ्यात, ते पान साठवा. काम झालं की ही पानं गायब होतात. नंतर वेबॅकमध्ये बघा, ते पान पहिल्यांदा कधी साठवलं गेलं होतं. ब्लॉगऐवजी स्वतंत्र डोमेन असेल तर त्याच्या नोंदणीची तारीख हूइज या डोमेन-नोंदी दाखवणाऱ्या सेवेत मिळते. लेखावर फेब्रुवारीची तारीख आणि डोमेन विकत घेतलेलं सप्टेंबरात, असं निघालं तर आणखी पुराव्याची फारशी गरज उरत नाही.

आता लेखाचा मजकूर वाचा, पण तुमची बातमी शेजारी उघडी ठेवून. पतसंस्थेच्या एका बातमीत मला जे सापडलं ते सांगते. नकली लेखावर तारीख होती मार्चची, आणि आत वाक्य होतं, ‘ऑगस्टमध्ये झालेल्या वार्षिक सभेत ठेवीदारांनी गोंधळ घातला’, तेही त्याच वर्षीच्या सभेबद्दल. मार्चमध्ये बसून ऑगस्टचा गोंधळ कुणी लिहिणार? खाली गेल्यावर बातमीच्या मधोमध ‘हेही वाचा’ अशी ओळ, आणि पुढे आमच्याच पोर्टलच्या दुसऱ्या बातमीचं शीर्षक. उचलणाऱ्याला मराठी येत नसावं, ती ओळ बातमीचा भाग नाही हे त्याला कळलंच नाही. फोटोवर राइट क्लिक करून पत्ता पाहिला, तर तो फोटो आमच्याच सर्व्हरवरून येत होता, आणि वर्डप्रेसने ठेवलेल्या फोल्डरच्या नावात वर्ष आणि महिना स्पष्ट होता.

मराठी साइटना आणखी एक पुरावा आपोआप मिळतो. अजूनही कितीतरी वार्ताहर श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप करतात आणि डेस्कवर ते इंटरनेटवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदललं जातं. त्या बदलात ‘ऱ्या’ फुटतो, एखादी वेलांटी सुटी पडते, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. नकली लेखात तोच ‘ऱ्या’ त्याच शब्दात फुटलेला दिसला, तर मजकूर कुठून कुठे गेला हे दाखवता येतं. वार्ताहराने ज्या ईमेलने मूळ फाइल पाठवली तो ईमेल, त्याच्या पूर्ण हेडरसकट (कधी, कुठून आला याच्या तांत्रिक नोंदीसकट), जपून ठेवा. छापील अंक असेल तर त्या पानाचा फोटोही जोडा. अंकावरची तारीख कुणाला मागे नेता येत नाही.

प्रतिसूचना

गूगलच्या कायदेशीर तक्रारींच्या पानावर डीएमसीए प्रतिसूचनेचा, म्हणजे ‘तक्रार चुकीची आहे’ असं कळवणाऱ्या उत्तराचा, फॉर्म आहे. इंग्रजीतच भरा आणि लहान वाक्यांत भरा. समोरचा तपासणारा माणूस मराठी वाचू शकत नाही हे धरून चाला, त्यामुळे ‘ऑगस्टची सभा’ हा मुद्दा त्या वाक्याचं भाषांतर देऊन, स्क्रीनशॉटवर लाल चौकट करून दाखवा. मी साधारण असं लिहिते:

‘काढलेलं पान आमच्या वार्ताहराने लिहिलेली मूळ बातमी आहे. ती अमुक तारखेला प्रसिद्ध झाली. वेबॅकमधली नोंद जोडली आहे. तक्रारदाराच्या लेखावर त्याआधीची तारीख आहे, पण त्यात त्या तारखेनंतर घडलेल्या घटनेचं वर्णन आहे. तो लेख आमच्या बातमीची नक्कल आहे.’

बस्स. अध्यक्ष किती भ्रष्ट आहे, ठेवीदार कसे रडले, लोकशाहीचं काय होणार, यातलं काहीही घालू नका. मनात कितीही संताप असला तरी फॉर्मला फक्त तारीख कळते.

सही करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. कायद्यानुसार प्रतिसूचनेत खरं नाव, पत्ता आणि फोन द्यावा लागतो. मजकूर चुकून किंवा गैरसमजातून काढला गेला असं आपल्याला प्रामाणिकपणे वाटतं, हे खोट्या शपथेच्या शिक्षेची जाणीव ठेवून लिहून द्यावं लागतं, आणि अमेरिकेतल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्रही मान्य करावं लागतं. ही माहिती तक्रारदारापर्यंत जाते. तालुक्याच्या गावात एकट्याने काम करणाऱ्या वार्ताहराने घरचा पत्ता देऊ नये. संस्थेच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता द्या आणि सही संपादक किंवा प्रकाशकाची असू द्या. सही करणाऱ्याने आधी वकिलाला मसुदा दाखवावा, हे मी आग्रहाने सांगते.

तक्रार गूगलऐवजी होस्टिंग कंपनीकडे (जिच्या सर्व्हरवर तुमची साइट आहे तिच्याकडे) गेली असेल तर घाई जास्त. ‘अमुक तासांत काढा, नाहीतर खातं बंद’ असा मेल येतो आणि घाबरून बातमी डिलीट केली जाते. डिलीट करू नका. त्याच दिवशी उत्तर देऊन तक्रारीची पूर्ण प्रत मागा आणि प्रतिसूचना कुठे पाठवायची ते विचारा. कंपनी अमेरिकन असेल तर कायद्यातला क्रम असा, की प्रतिसूचना मिळाल्यावर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत ठेवायचा, तक्रारदाराने तोवर कोर्टात दावा लावला नसेल तर. खोट्या तक्रारदाराला दावा लावणं परवडत नाही, कारण कोर्टात त्याला खऱ्या नावाने उभं राहावं लागतं.

कंपनी भारतातली असेल तर आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि २०१३ च्या नियमांतला ७५ वा नियम बघा. तक्रारीत मालकीचा तपशील तर हवाच, शिवाय २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देण्याची हमीही हवी. कंपनीचं समाधान झालं तर तिने ३६ तासांत मजकूर थांबवायचा. पण २१ दिवसांत आदेश आला नाही, तर ती मजकूर पुन्हा खुला करू शकते. आलेल्या तक्रारीत ती हमीच नसेल, तर तुमच्या उत्तराचं पहिलं वाक्य तेच असू द्या.

तक्रार खरी असेल तर

इथे प्रामाणिक राहायलाच हवं. बातमी तुमची, पण फोटो दुसऱ्या दैनिकाच्या छायाचित्रकाराचा विनापरवानगी उचललेला, असं कितीदा तरी होतं. तेव्हा प्रतिसूचना देऊ नका. फोटो काढा, दुसरा टाका, तक्रारदाराला तसं कळवा आणि बातमी कायम ठेवा. माहितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. शिवाय चालू घडामोडींचं वृत्तांकन आणि टीका यांसाठी दुसऱ्याच्या साहित्याचा रास्त वापर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात मान्य आहे. पतसंस्थेचं पत्रक त्यातल्या चार ओळी देऊन तपासलं, तर ती चोरी नव्हे. पत्रक तसंच्या तसं चिकटवलं, तर मात्र तुमची बाजू लंगडी होते.

खोट्या तक्रारीबद्दल उलट दावा लावता येतो का? येतो. अमेरिकन कायद्याच्या ५१२ कलमातच जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याकडून भरपाई मागायची सोय आहे. ऑलिव्हर होथम या ब्रिटनमधल्या विद्यार्थी पत्रकाराच्या लेखावर एका संघटनेने अशी तक्रार केली होती. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने त्याच्यासोबत दावा लावला, आणि २०१५ मध्ये कोर्टाने सुमारे २५ हजार डॉलर देण्याचा आदेश दिला. पण प्रतिवादी कोर्टात आलाच नव्हता, म्हणजे निकाल एकतर्फी होता. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याच्या ६० व्या कलमाखाली कॉपीराइटच्या बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दावा करता येतो. लहान पोर्टलने या वाटेने जावं असं मी सहसा सुचवत नाही, कारण तक्रारदाराचं नावच बहुधा बनावट असतं. त्यापेक्षा बातमी करा. ‘या बातमीविरुद्ध खोटी कॉपीराइट तक्रार’ अशी नवी बातमी, ल्युमेनवरची नोंद आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून. तक्रार ठरावीक लिंकपुरती असते, त्यामुळे नव्या बातमीची लिंक शोधात येते आणि दडपलेला विषय पुन्हा वाचकासमोर जातो. फक्त तक्रार अध्यक्षानेच केली असं पुराव्याशिवाय लिहू नका. तिथे मात्र बदनामीचा खरा दावा लागू शकतो.

उद्यापासून एक सवय डेस्कला लावा: आर्थिक गुन्हा, जमीन, टेंडर, शाळा-संस्था यांची बातमी पोस्ट झाली की त्याच मिनिटाला तिची लिंक वेबॅक मशीनमध्ये साठवायची आणि मिळालेली नोंद कार्यालयाच्या सामायिक शीटमध्ये टाकायची. शीटमध्ये बातमीची लिंक, वेबॅकची लिंक, वार्ताहराचं नाव, मूळ ईमेलची तारीख आणि फोटो कुणाचा, एवढे रकाने पुरतात. शीट एकाच माणसाच्या जीमेलवर ठेवू नका.