कॉम्प्युटर रडतखडत चालतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

‘फार स्लो झालाय, जरा फॉरमॅट मारून दे ना’ म्हणत ओळखीतलं कुणीतरी लॅपटॉप आणून देतं. मी फॉरमॅटचं नावही काढत नाही. मशीन अगदी अडलेलं असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबतो. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क असे रकाने असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. कुठला आकडा ९० च्या वर जाऊन बसलाय, यावर पुढचं सगळं ठरतं. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

आधी मेमरी बघा, डिस्क नंतर. कारण रॅम भरली की विंडोज तिच्यातला माल डिस्कवर हलवायला लागतं, मग डिस्कही १०० टक्के दिसते आणि आपण भलत्याच्याच मागे लागतो. ४ जीबी रॅम ही विंडोज ११ ची किमान अट आहे. तेवढ्यात ते सुरू होतं, पण ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की बोंब. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किती मेमरी खातंय ते तिथे उघडं पडतं. कधीकाळी टाकलेली आणि विसरलेली एक्स्टेन्शन काढून टाका. एवढ्याने भागलं नाही तर रॅम ८ जीबी करा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जाऊन मेमरीवर क्लिक केल्यावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. रॅमचे प्रकार वेगळे असतात, डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तेव्हा आधी मॉडेल तपासा.

मेमरी मोकळी असून डिस्क १०० टक्के? मग त्याच टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा. ‘एचडीडी’ (म्हणजे हार्ड डिस्क) लिहिलेलं असेल तर चोर बहुतेक सापडला. वाचण्याचा वेग बघा: डिस्क पूर्ण व्यग्र, आणि वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी! हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारा हात दर वेळी योग्य जागी सरकावा लागतो. प्रत्येक तुकड्यामागे साधारण १० मिलिसेकंद जातात, आणि चालू होताना विंडोजला अशा हजारो बारीक फाइली हव्या असतात. एसएसडी ही चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. जुन्या मशीनवर एकच गोष्ट करायची असेल तर मी एसएसडीच बसवेन, रॅमच्याही आधी. जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवून घेतली, की सगळं होतं तसं मिळतं. मात्र त्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. धीमी झालेली डिस्क कधीकधी मरायला टेकलेली असते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर तिची तब्येत सांगतं.

सीपीयूच भरलेला असेल तर अपडेट चालू आहे का बघा. असेल तर निमूटपणे होऊ द्या. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एकाला निरोप द्या. मशीन तापत असेल तर सीपीयू आपणहून वेग उतरवतो, म्हणून पंख्यातली धूळ काढा. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका.

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी असते, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम. त्यात जे ओळखीचं आणि बिनकामाचं असेल ते डिसेबल करा, अनोळखी असेल ते राहू द्या. आणि रीस्टार्ट करा. रोज शटडाउन करणाऱ्यालाही परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखालचा ‘अप टाइम’ (मशीन किती वेळ चालू आहे तो आकडा) कित्येक दिवसांचा दिसतो, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही. रीस्टार्टमध्ये होतो.

सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेजमधून टेम्पररी फाइली उडवा. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, तिथे टिक करण्याआधी दहादा विचार करा. रजिस्ट्री क्लीनर, ‘पीसी बूस्टर’ वगैरेंच्या नादी अजिबात लागू नका. एसएसडीला जुन्या पद्धतीचं डीफ्रॅगही (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) नको, नुसती झीज होते.

आणि मशीन विंडोज ११ घेतच नसेल, तर विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे लक्षात घ्या. अशा मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो. पेन ड्राइव्हवरून, काही इन्स्टॉल न करता ते चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का तेवढं तपासा. वेग मात्र त्यावरून जोखू नका, पेन ड्राइव्हवरून ते धीमंच चालतं.