अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये काचेचं कापड कसं बसवावं

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात इंजिनीअरिंगची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि हमखास विचारतात, "ताई, वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये काचेचे तंतू टाकून ओतलं तर?" मी त्यांना थांबवते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ई-ग्लास (काचतंतूंची नेहमीची काच) साधारण ८४० ला मऊ पडते, म्हणून कागदावर जमेलसं वाटतं. पण काचतंतूची ताकद त्याच्या बरीच आधी उतरते, आणि वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम काचेतल्या सिलिकामधला ऑक्सिजन ओढून घेतं. तंतू कुरतडला जातो. म्हणून ओतकाम नको, थर लावा. पत्रा, काच, पत्रा, काच, पत्रा.

एअरबस ए३८० च्या धडाच्या वरच्या भागात हीच रचना आहे. तिला ग्लेअर म्हणतात आणि ती नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात विकसित झाली. फायदा तड्याच्या बाबतीत होतो. नुसत्या पत्र्याला तडा गेला की तो प्रत्येक धक्क्यानिशी पुढे सरकतो. इथे पत्रा तडकला तरी खालचे तंतू शाबूत राहतात, दोन्ही कडा धरून ठेवतात आणि तड्याची चाल मंदावते. ताठपणा वाढेल ही आशा मात्र ठेवू नका. काच आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास, आणि थर चिकटवणारं मधलं रेझिन (सुकून घट्ट होणारी राळ) त्याहून कितीतरी लवचिक.

३०० बाय ३०० मिलिमीटरचं पॅनेल धरून सांगते. अर्धा मिलिमीटरचे ३ पत्रे. ते मी गुलालवाडीतून आणते, कडक जातीचे, कारण नरम पत्रा हाताळतानाच वाकतो. विणलेलं काचेचं कापड, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, ४ तुकडे, प्रत्येक फटीत २. चॉप स्ट्रँड मॅट, म्हणजे तुकडे केलेल्या काचतंतूंची न विणलेली चादर, घेऊ नका. तिच्यातला चिकटा पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो, आपण वापरतो त्या इपॉक्सी रेझिनमध्ये नाही, आणि मॅट नीट भिजत नाही. कार्बनचं कापडही नको. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि खारट ओल लागली की पत्रा गंजून पोखरतो. आपल्याकडे समुद्राची हवा बारा महिने. कार्बन वीज वाहतो म्हणून असं होतं; काच वाहत नाही, म्हणून ती इथे बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पत्र्याची तयारी. माझा निम्मा वेळ यातच जातो. आधी अ‍ॅसिटोनने तेल काढा, फडकं एकाच दिशेने फिरवा आणि दर वेळी त्याची कोरी बाजू घ्या. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत, आडवा आणि उभा, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. मधल्या पत्र्याच्या दोन्ही बाजू घासायच्या, बाहेरच्या दोघांची फक्त आतली. नंतर पत्रा स्वच्छ पाण्याखाली धरून तिरपा करा. पाण्याचा अखंड पडदा टिकला तर काम झालं. थेंब जमून पाणी फाटलं तर तिथे तेल आहे, पुन्हा घासा. यापुढे उघडा हात लावायचा नाही. विमानाच्या कामात आम्लात अ‍ॅनोडायझिंग करून (विजेने पत्र्यावर ऑक्साइडचा थर चढवून) वर प्रायमर मारतात, तेवढी सोय माझ्याकडे नाही, म्हणून मी घासण्यात कसूर ठेवत नाही.

पत्रे वाळवून तासाभरात रेझिन लागलं पाहिजे. एका जुलैत मी सकाळी पत्रे घासले, वीज गेली आणि संध्याकाळी थर लावले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला पत्रा नखाने उचलला गेला. खाली धातू लख्ख, रेझिनचा अंशही नाही. असा कोरा धातू दिसला तर दोष तयारीचा समजा. दोन्ही बाजूंना रेझिन आणि काचेचे तुटके धागे दिसले तर जोड चांगला होता. तेव्हापासून पावसाळ्यात मी वीज आणि सवड दोन्हींची खात्री केल्याशिवाय घासायला बसत नाही.

इपॉक्सी रेझिन एलवाय ५५६, ते घट्ट करणारा हार्डनर एचवाय ९५१, वजनाने १०० ला १०, काट्यावर मोजून. या मापाला ९० ग्रॅम रेझिन आणि ९ ग्रॅम हार्डनर पुरतं. खोल पेल्यात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून गोठतं, म्हणून पसरट ताटलीत घ्या. नायट्राइलचे हातमोजे हवेतच. हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

पत्र्यावर रेझिनचा पातळ हात, त्यावर कापड, मग ब्रश टोचत टोचत भिजवायचं. ओढला तर विण सरकते. ही टोचण्याची पद्धत मी वर्सोव्याला फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून शिकले. कापड पारदर्शक झालं की भिजलं, पांढरट राहिलं तिथे हवा आहे.

थर पूर्ण झाले की वर-खाली पॉलिस्टरची फिल्म, मग दोन जाड लोखंडी प्लेटा आणि सी-क्लॅम्प. कडेने रेझिनची बारीक धार येईपर्यंत आवळा आणि थांबा, जास्त आवळलं तर काच कोरडी पडते. २४ तास तसंच ठेवा. नंतर क्लॅम्पसकट ओव्हनमध्ये ६० अंशांना ४ तास, आणि ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत २३ भाग फुगतं, काच ५ च्या आसपास. जितक्या गरम स्थितीत जोड पक्का होईल तितका ताण थंड झाल्यावर आत अडकून राहतो, म्हणून मी ६० च्या वर जात नाही.

नाण्याने सगळीकडे ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजलं तिथे थर सुटलाय, खडूने खूण करा आणि तो भाग वगळा. कापायला बारीक दात्याची करवत वापरा, पत्रा कात्रीत घातला तर कड उकलते. भोक पाडताना खाली लाकडाचा ठोकळा, तोंडावर मास्क. काटकोनात वाकवायला जाऊ नका, काच तुटते. शेवटी कापलेल्या कडांना आणि भोकांना आतून रेझिनचा हात द्या, ओल तिथूनच शिरते.