कॅटमरान घेण्याआधी धक्क्यावरची जागा बघा

शिडाची कॅटमरान, म्हणजे दोन समांतर सांगाडे जोडून केलेली बोट, घ्यायचा विचार असेल, तर ती उभी कुठे करणार हे आधी ठरवा. 40 फुटी कॅटमरान साधारण 6 ते 7 मीटर रुंद असते. तेवढ्याच लांबीची साधी शिडाची बोट जेमतेम 4 मीटर. म्हणूनच भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच मरीनांमध्ये (बोटी उभ्या करायच्या बंदरांमध्ये) कॅटमरानच्या जागेचं भाडं दीडपट-दुप्पट पडतं. इंजिनं दोन, म्हणजे तेल-फिल्टरचा खर्चही दोनदा. पण धक्क्याला लावताना हीच दोन इंजिनं तिला जागच्या जागी वळवतात, ते सुख मोठं आहे.

ती फारशी कलत नाही, त्यामुळे स्वयंपाक, झोप सगळं सोपं होतं आणि उथळ खाडीतही नांगर टाकता येतो. सामान मात्र भरमसाट लादू नका. वेग जातो आणि दोन सांगाड्यांमधल्या डेकखाली लाटा आदळायला लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कलत नसल्यामुळे वारा वाढल्याचा इशारा बोट देत नाही. वाऱ्याचा वेग मापकावर बघूनच शीड वेळेत कमी करा, कारण उलटलेली कॅटमरान स्वतःहून सरळ होत नाही. विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याने घ्या आणि वाऱ्याच्या तोंडावर चालवून बघा. तिथे ती कमी पडते.