एसटीडी अधिक एसडीआय म्हणजे डबल पैसे? बाळंतपणाच्या रजेआधी या चुका टाळा

माझी डिलिव्हरी २०२५ मधली, कॅलिफोर्नियात. त्याआधी आम्ही दोघांनी रात्री जेवणाच्या टेबलावर बसून हिशोब केला होता की कंपनीची शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी म्हणजे एसटीडी (तब्येतीमुळे काही काळ काम बंद असताना पैसे देणारा विमा) पगाराच्या ६० टक्के देणार, वर स्टेटचं एसडीआय म्हणजे राज्याचा तसाच विमा येणार, म्हणजे घरी बसून पगारापेक्षा जास्तच. बाजारात तुरी म्हणतात ना, तेच.

आता खरा हिशोब बघा. माझा पगार आठवड्याला साधारण ३,००० डॉलर, त्याचे ६० टक्के झाले १,८००. एसडीआय २०२५ पासून पगाराप्रमाणे ७० ते ९० टक्के देतं पण त्या वर्षी आठवड्याला जास्तीत जास्त १,६८१. बेरीज करायची नाही, वजाबाकी करायची! एसटीडीच्या पॉलिसीत ऑफसेटचं कलम असतं, स्टेटकडून मिळणारे पैसे आधी कापले जातात आणि उरलं तर इन्शुरन्सवाले देतात. १,८०० वजा १,६८१, इन्शुरन्सकडून फक्त ११९ डॉलर. बास.

माझी चूक त्याच्या पुढची. ईडीडीकडून, म्हणजे एसडीआय देणाऱ्या स्टेटच्या खात्याकडून, पैसे यायला उशीर झाला, तोपर्यंत इन्शुरन्सने पूर्ण १,८०० पाठवले आणि फॉर्मवर 'इतर उत्पन्न' विचारलं होतं तिथे मी काहीच भरलं नाही, सिझेरियन झालेलं, बाळ रात्रभर जागं, कोण वाचतंय तो फॉर्म. नंतर पत्र आलं, ६ आठवड्यांचे जास्तीचे पैसे परत करा, १०,०८६ डॉलर. तेव्हा एसडीआय मंजूर झालं की त्याच दिवशी इन्शुरन्सला कळवा आणि तोवर आलेल्या जास्तीच्या पैशाला हात लावू नका.

याच्या उलटी चूकही लोक करतात. "कंपनीचं आहे ना, मग स्टेटची कटकट कशाला" म्हणून एसडीआयला अर्जच करत नाहीत. बऱ्याच पॉलिसी तुम्ही अर्ज केला नाही तरी अंदाजे रक्कम धरून कापतात, म्हणजे ११९ वरच समाधान माना. पेस्लिपवर सीएएसडीआय म्हणून कापलं जातं ना, ते याचेच पैसे, २०२५ मध्ये १.२ टक्के. अर्ज काम बंद झाल्यापासून ९ व्या दिवसाआधी करता येत नाही आणि ४९ दिवसांच्या आत करावा लागतो. पहिले ७ दिवस बिनपगारी.

एसटीडी ही तुमच्या शरीरासाठी, बाळासाठी नाही. नॉर्मलला ६ आणि सिझेरियनला ८ आठवडे झाले की साधारणपणे ती संपते, त्यानंतर बाळासोबतचे ८ आठवडे स्टेटच्या पीएफएलमधून (पेड फॅमिली लीव्ह, बाळासाठी घेतलेल्या रजेचे पैसे). एसडीआयवर असलेल्या आईने पीएफएलचा वेगळा नवीन क्लेम टाकायचा नाही, शेवटच्या पेमेंटच्या सुमारास ईडीडी आपणहून फॉर्म पाठवते, तो भरायचा. बाबाने मात्र स्वतःचा अर्ज करायचा, रजा सुरू झाल्यापासून ४१ दिवसांत.

भारतातून नुकतेच आलेल्यांनी एक बघा. एसडीआयची रक्कम साधारण ५ ते १८ महिन्यांपूर्वीच्या कॅलिफोर्नियातल्या पगारावर ठरते, त्यामुळे येऊन सहा-सात महिने झाले असतील तर आकडा फारच छोटा येऊ शकतो. आणि हे पैसे घेतले तर ग्रीन कार्डला अडचण येईल ही व्हॉट्सॲपवरची भीती सोडून द्या, हा विमा आहे, सरकारी मदत नाही.

न्यूयॉर्कवाल्यांचं गणित उलटं, तिथे स्टेट डिसॅबिलिटी आठवड्याला जास्तीत जास्त १७० डॉलर, म्हणजे एसटीडीतून कापायला फार काही नसतंच, तिथे कंपनीची पॉलिसी खरंच कामाची. टेक्सासमध्ये स्टेटचं असं काही नाहीच.

आणि एचआरला हे एक नक्की विचारा, नोकरी कोण राखून ठेवणार? एसटीडी आणि एसडीआय फक्त पैसे देतात. नोकरीचं संरक्षण एफएमएलए (फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट, अमेरिकेचा रजेचा कायदा) वगैरे कायद्यांमधून येतं, त्याचे कागद वेगळे असतात आणि एफएमएलएसाठी त्या कंपनीत १२ महिने पूर्ण झालेले लागतात.